शब्दचर्चा: 'कॉम्प्लेक्स लिपिड'ला जटिल म्हणायचं का?

ऐरोलीकर: मुलगी ठाण्यात मायक्रोबायोलॉजीत एमेस्सी करतेय, शाळेतल्या मुलांना मराठीत सांगायचंय की बॅक्टेरियातले कॉम्प्लेक्स लिपिड (लिपिड म्हणजे तेला-चरबीसारखे, पाण्यात न विरघळणारे पदार्थ) वेगळे कसे काढतात नि ओळखतात. तिने 'जटिल मेद' आणि 'पृथक्करण' लिहिलंय. मला दोन्ही खटकतंय.

खाडीकाठ: दादा, जटिल नकोच. इथे कॉम्प्लेक्सचा अर्थ अवघड असा नाहीये, रेणू पाण्याने फोडला की किती प्रकारचे तुकडे निघतात त्यावर ते ठरतं. साध्या तेलातून दोनच, ग्लिसरॉल नि फॅटी ॲसिड, म्हणून ते सिंपल. तीन किंवा जास्त निघाले की कॉम्प्लेक्स. ई. कोलाय या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या पेशीच्या पडद्यात सगळ्यात जास्त असतं ते फॉस्फॅटिडिल इथेनॉलअमाईन, त्यातून फॉस्फेट आणि इथेनॉलअमाईनही निघतं, म्हणून अगदी नेहमीचं असूनही ते कॉम्प्लेक्स. उलट टीबीच्या जंतूचं मायकोलिक ॲसिड ६० ते ९० कार्बनचं, फांद्या फुटलेलं, दिसायला भयंकर जटिल, पण ते शेवटी एक ॲसिडच. 'जटिल' लिहिलं तर मुलं नेमकं उलटं समजतील.

वाशीवाली: मग 'संयुक्त'? पण ते 'संयुग'शी गोंधळतं ना.

खाडीकाठ: हो ताई, म्हणून 'बहुघटकी' बरं वाटतं.

वाशीवाली: पटलं. आता पृथक्करण. रबाळे-महापेच्या लॅबमध्ये पाण्याचं पृथक्करण म्हणतात ते ॲनालिसिसच, सेपरेशन नाही, आणि इथे दोन्ही कामं वेगळी दाखवायलाच हवीत. आधी क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड बाहेर काढायचे, ब्लाय आणि डायरची १९५९ची पद्धत अजून चालते, मग टीएलसी प्लेटवर, म्हणजे पातळ थर लावलेल्या पट्टीवर, द्रावक वर चढतो तसे ते वेगवेगळ्या उंचीवर ठिपके होऊन वेगळे होतात. इथवर 'वेगळं करणं'. पण ठिपका कार्डिओलिपिनच्या (हाही पडद्यातला एक लिपिड) उंचीवर आला म्हणून तो कार्डिओलिपिन झाला असं नाही हो! आयोडीनच्या वाफेने ठिपका कुठे आहे एवढंच कळतं, मोलिब्डेनमचा फवारा निळा झाला तर फॉस्फेट आहे, निनहायड्रिनने जांभळट-गुलाबी आलं तर अमिनो गट आहे, शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर रेणूचं वजन बघायचं, तेव्हा कुठे 'ओळख'.

ऐरोलीकर: आणि 'मेद'?

खाडीकाठ: मेद म्हटलं की मुलांना पोटावरची चरबी आठवते, बॅक्टेरियात मात्र बहुतेक लिपिड पडद्यात असतात. सरळ लिपिडच लिहू दे तिला.