चार लाखांची सायकल? तेवढ्यात दोन बुलेट येतील!

कोथरूडचा मामा:
मंडळी, भाच्याने घरात बॉम्ब टाकलाय. त्याला सायकल हवीय. कार्बन फ्रेम, अल्टेग्रा डीआयटू म्हणजे बटणावर बदलणारे इलेक्ट्रॉनिक गिअर, किंमत चार लाख. बहीण म्हणते, "दादा, तूच समजाव त्याला." मी कसला समजावतोय, मलाच कळत नाहीये. बुलेटवाल्यांची क्लासिक ३५० म्हणजे १९५ किलोचा ऐवज: इंजिन, टाकी, हेडलाइट, हॉर्न सगळं त्यात आलं. याची सायकल आठ किलोची, स्टँड नाही, आणि पेडलसुद्धा वेगळे विकत घ्यायचे म्हणे! किलोचा भाव काढला तर बुलेट हजार-अकराशे आणि सायकल पन्नास हजार. हे नक्की कशाचे पैसे?

निवांत पुणेकर:
हौसेला मोल नसतं. चालू द्या, वाचतोय.

भोसरी टूलरूम:
मामा, किलोचा भाव भंगारवाल्याकडे ठीक. इथे वजन जितकं उतरेल तितके पैसे चढतात.

माझी नोकरी दुचाकींच्या क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, डाय (धातूचे साचे) बनवण्यात गेली, म्हणून आधी बुलेटच्या बाजूने बोलतो. अॅल्युमिनियमच्या प्रेशर कास्टिंगची एक डाय साधारण लाखभर शॉट देते, म्हणजे तितक्या वेळा धातू ओतून भाग काढता येतात. डाय तीस लाखांची धरा, तरी एका क्रँककेसवर तिचा बोजा तीसच रुपये. हिरो वर्षाला पन्नास लाखांवर गाड्या विकते. एवढा खप असला की नटबोल्टवाल्याकडूनही पैशापैशाने भाव पाडून घेता येतो. आश्चर्य करायचंच तर मोटरसायकल इतकी स्वस्त कशी पडते याचं करा.

आता कार्बन. रेझिन भिनवलेलं कार्बनचं कापड येतं, त्याला प्रीप्रेग म्हणतात. ते फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास ठेवतात, नाहीतर रेझिन हळूहळू आपोआप पक्कं व्हायला लागतं. एका फ्रेमसाठी त्याचे शेकडो तुकडे कापायचे आणि कारागिराने ते हाताने एकावर एक बसवायचे. प्रत्येक तुकड्यात धाग्याची दिशा ठरलेली. बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलचा आस बसतो तिथे, फ्रेम ताठ हवी, मागच्या बाजूला जरा लवचीक, ते सगळं या दिशांवर. मग आत हवेची पिशवी, बाहेर धातूचा साचा आणि उष्णता. एक फ्रेम निघेपर्यंत तो साचा अडकलेला. पुढे घासणं, पुट्टी, रंग, तेही बरंचसं हातानेच. बुलेटची चासी सगळ्यांना एकच चालते. सायकलच्या एका मॉडेलचे पाच-सहा साइज, म्हणजे तितके वेगळे साचे. आणि खप? आमच्या मालकांनी असली ऑर्डर दारातूनच परत पाठवली असती.

पण खरं सांगू का, साचा नि मजुरी धरूनही चार लाख होत नाहीत. सीमाशुल्क आहे. जीएसटीला दोष देऊ नका, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदाराला मोजक्या सायकली विकून भाडं काढायचं असतं. वर रेसिंग टीम पोसण्याचा खर्च, आणि नावाचे पैसे तर आहेतच.

सिंहगड सकाळी:
मामा, तुम्ही जोडीच चुकीची लावलीत. भाच्याची सायकल रेसिंगच्या घराण्यातली आहे, तिच्यासमोर मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीतली गाडी ठेवा. होंडाने २०१५ मध्ये तशा गाडीची रस्त्यावर चालणारी आवृत्ती काढली, आरसी२१३व्ही-एस, किंमत १,८८,००० युरो! उलट टूर द फ्रान्समधली सायकल तुम्हीआम्ही दुकानातून आणू शकतो. स्पर्धेतलं सामान बाजारात विकायला असलं पाहिजे असा यूसीआयचा, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, नियमच आहे.

आणि ग्रॅम का मोजतात? स्प्लेंडरचं इंजिन ५,९०० वॅटच्या आसपास देतं, माझे पाय तासभर १५० देतात. इंजिन अशक्त, म्हणून बाकी सगळं हलकं.

तरीही माझं मत भाच्याच्या विरोधात. एक किलो उतरवलं तर सिंहगडाच्या ४५ मिनिटांच्या चढात जेमतेम अर्धा मिनिट वाचतो. सपाटीवर जोरात गेलं की अडवते ती हवा, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या अंगाचा. अॅल्युमिनियम फ्रेम, शिमानो १०५ हे अल्टेग्राच्या खालच्या पायरीचे गिअर, निम्म्याहून कमी पैशांत घ्या. उरलेल्यातून चांगले टायर, हेल्मेट घ्या आणि बाइक फिट, म्हणजे सीट-हँडल अंगाच्या मापाने बसवून घेणं, तेही करा.

कोथरूडचा मामा:
सिंहगडवाल्या ताई, टूलरूमवाले साहेब, आभार. भाच्याला सगळं वाचायला दिलं. त्याने यूसीआयच्या नियमाचा स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला, अॅल्युमिनियमबद्दल अवाक्षर नाही. बहिणीची आता वेगळीच शंका: ही पार्किंगमध्ये ठेवायची का? तो म्हणतो, बेडरूममध्ये.

भोसरी टूलरूम:
घरातच ठेवा. शेजारच्याची स्कूटर तिच्यावर पडली तर वरून ओरखडा दिसेल आणि आत थर सुटलेले असतील. सेकंडहँड कार्बन स्वस्तात मिळतेय म्हणून तो मागे लागला, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.