वेळापत्रक स्क्रेप करताना वार सरकतात, मदत हवी आहे

आमच्या विभागाचं वेबपानावरचं वेळापत्रक आपोआप वाचून (स्क्रेप करून) आयसीएस फाइल (कॅलेंडरमध्ये घेता येणारी) करणारं पायथन मॉड्यूल लिहितोय. पानाला लॉगिन नाही, परवानगी घेतली आहे, स्क्रिप्ट आठवड्यातून एकदाच चालते. ड्रॉपडाउनची भानगड व्ह्यूस्टेट (पानातलं लपवलेलं फील्ड) परत पाठवून सुटली.

अडलंय टेबलावर. ओळी म्हणजे तास, रकाने म्हणजे वार. मंगळवारी २ ते ४ डीबीएमएसचं प्रॅक्टिकल, रोस्पॅन २ (म्हणजे एकच खाना दोन ओळी व्यापतो). त्यामुळे ३ वाजताच्या ओळीत एक टीडी (खाना) कमी, आणि ब्यूटिफुलसूपने (एचटीएमएल वाचणारी पायथन लायब्ररी) ओळीनुसार वाचलं की बुधवारचं लेक्चर मंगळवारात जाऊन बसतं! पांडाज या लायब्ररीचं रीड एचटीएमएल फंक्शन रोस्पॅन नीट उलगडतं, पण एकाच खान्यात बीआरने (नवी ओळ पाडणारा टॅग) तोडलेल्या तीन बॅच असतात, त्यांची सलग ओळ होते. मग कोणती खोली कुणाची, कळत नाही. रेजेक्स (मजकुरातला साचा शोधणारं सूत्र) लावून पाहिला. शिक्षकांची आद्याक्षरं कधी असतात, कधी गायब, त्यामुळे तोही फसतो. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) नको, सर्व्हर अगदीच किरकोळ आहे.

रोस्पॅनही उलगडायला हवा आणि बीआरही शाबूत हवेत. तर ग्रिड स्वतःच भरावी, की आधी बीआरच्या जागी उभी रेघ टाकून मग पांडाजला द्यावं? दुसऱ्या मार्गात काही गोम आहे का?