मदत हवी आहे: पॉलिहाऊसमध्ये हायड्रोपोनिक करू का मातीच बरी? शनिवारच्या आत सांगा

शिरोळचा_पोरगा
नमस्कार मंडळी. जास्त लांबण लावत नाही. पॉलिहाऊस रिकामं पडलंय, नवीन पीक घ्यायचंय. परवा सिस्टीम बसवून देणारी एक पार्टी येऊन गेली, म्हणाली माती सोडा आता, हायड्रोपोनिक करा, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यावर पीक, शनिवारच्या आत ॲडव्हान्स दिला तर रेट कमी करतो. वडील म्हणतात माती ती माती. मधी मी अडकलोय. कुणी केलंय का, परवडतं का, एवढंच सांगा. यूट्यूबचं ज्ञान नको, ते बघून झालंय.

बांधावरचा_आबा
किती गुंठं? पीक कुठलं? पाणी कुठलं? यातलं काय सांगायचं न्हाई आणि शनिवारची घाई. पोरगी बघायला चाललोय, हो म्हणू का नको, असं इचारल्यागत झालं की रं हे.

शिरोळचा_पोरगा
१० गुंठे आबा. ढोबळी मिरची, लाल-पिवळी. गाव नावातच आहे की. बोअर आहे, पाणी भरपूर.

पाईपवाला_पुणे
डोळे झाकून हायड्रोपोनिक. मी एनएफटी चॅनेलवर, म्हणजे खताचं पाणी वाहतं ठेवलेल्या पाईपात, लेट्यूस (सॅलडचा पाला) काढतो, रोप लावल्यापासून महिनाभरात कटिंग, तण नाही, खुरपणी नाही, पाणी फिरून फिरून तेच वापरायचं. मातीत राबायचे दिवस गेले आता.

बांधावरचा_आबा
लेट्यूस येतंय वीतभर. ढोबळी सुतळीवर चढवली की माझ्या डोक्याच्या वर जातीय, तिच्या मुळ्या तुमच्या पायपात मावतील व्हय? ८ वर्षं झाली मला मातीत, तांबडी माती आणली, शेणखत आन भाताचं तूस घातलं, बेड केलं, बँकेचा हप्ता कधी चुकला न्हाई.

पाईपवाला_पुणे
आबा, ढोबळी चॅनेलवर घ्या असं मी कुठं म्हटलं? ती कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) ग्रोबॅगमध्ये किंवा बकेटमध्ये घेतात. आधी वाचा तरी.

बांधावरचा_आबा
तुमीच म्हणला की डोळं झाकून. झाकल्याव कसं वाचायचं?

कागलकर_ऊसवाला
एवढं डोकं खाण्यापेक्षा सांगाडा भंगारात घाला आणि ऊस लावा. कारखाना आहे, बिल येतंय, निवांत झोप.

शिरोळचा_पोरगा
दादा, १० गुंठ्यात ऊस लई झाला तर १५ टन. त्यात बँकेचं व्याज तरी फिटल का? विषय काय चाललाय…

माती_पाणी_तपासनीस
मी लॅबमध्ये काम करतो म्हणून विचारतो. पाणी भरपूर आहे हे उत्तर नाही. बोअरची ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती, पीएच किती, बायकार्बोनेट आणि सोडियम किती? शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन किती आहे तुम्हाला माहीत आहे, तेच क्षार बोअरला येतात. दुसरं, आधी पॉलिहाऊसमध्ये काय होतं आणि रिकामं का पडलं?

गच्चीवरच्या_काकू
आमच्या राजारामपुरीत गच्चीवर मी कोकोपीटमध्येच मिरची लावलीय हो, छान येते. आठवड्यातून एकदा आंबट ताक पाण्यात कालवून फवारायचं. सध्या पानं वळायला लागलीत तेवढं कुणी सांगा.

शिरोळचा_पोरगा
आधी जरबेरा होता, फुलांचा. दोन वर्षं चांगला चालला, मग झाडं पिवळी पडून बसायला लागली. उपटून बघितलं तर मुळांना गाठीच गाठी. म्हणून काढून टाकला. ईसी माहीत नाही, कधी मोजलीच नाही.

बांधावरचा_आबा
आरं मग हे पहिल्या ओळीत सांगायचं का शेवटच्या! निमॅटोड हाय तो, सूत्रकृमी. त्याच मातीत ढोबळी लावलीस तर तिच्या पण मुळ्या खाणार. ह्या बेडवर आता तरी मी बी माती म्हणणार न्हाई.

पाईपवाला_पुणे
बघा, आबा पण आले लाईनीवर. कोकोपीटमध्ये निमॅटोडचा विषयच नाही.

माती_पाणी_तपासनीस
असं नसतं. बॅगेच्या ड्रेनेजच्या भोकातून मुळं खाली जमिनीत उतरली की परत तेच, खाली जाड वीडमॅट (जमीन झाकायचं कापड) किंवा स्टँड पाहिजे. आणि पहिलं पाणी. मीटर पाचशे-हजारात मिळतो, आजच मोजा.

शिरोळचा_पोरगा
मित्राचा मीटर आणला. ईसी १.९, पीएच ७.८.

माती_पाणी_तपासनीस
इथंच खरी अडचण आहे. ढोबळीला खत मिसळून द्यायचं पाणी साधारण २ ते २.५ ईसीचं असतं. तुमचं नुसतं पाणीच १.९, मग खताला जागा किती उरली? तेच पाणी फिरवत राहिलात तर झाड खत घेईल आणि सोडियम, क्लोराइड टाकीत साठत जाईल. क्षार गाळायला आरओ लावला तर निघालेलं खारट पाणी कुठं सोडणार? बांधाला सोडलं तर शेजारी कोयता घेऊन येईल. पीएच ॲसिडनं खाली आणता येतो, मीठ काढता येत नाही. वडिलांनाही सांगा, मातीत पण हेच पाणी जाणार. उघड्या रानातली खार पावसानं थोडी तरी धुऊन जाते, पॉलिहाऊसवर प्लॅस्टिक असल्यानं आत पाऊसच पडत नाही, क्षार बेडमध्येच बसतात. जरबेरा बसायला गाठींबरोबर हेही असेल.

शिरोळचा_पोरगा
म्हणजे दोन्ही बंद? मग करू काय, मेंढरं पाळू आत?

माती_पाणी_तपासनीस
छताचं पाणी धरा. १० गुंठे म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. पाऊस ५०० मिलिमीटर धरला तरी ५ लाख लिटर होतं. दिवसाला ५ हजार लिटर लागलं तर १०० दिवसांचं पाणी, आणि बोअरमध्ये मिसळून वापरलं तर त्याच्या दुप्पट पुरेल. गटर बसवा, अस्तराचं शेततळं करा.

बांधावरचा_आबा
ह्ये बेस. आन लाईटीचं कोण बोलायना. शेतीची थ्री फेज आठ तास, ती बी एक आठवडा रात्री. कोकोपीटला उन्हाळ्यात दिवसाला आठ-धा वेळा थोडं थोडं पाणी लागतंय. दुपारी लाईट गेली तर माझं मातीतलं झाड दोन दिस तग धरतंय, बॅगेतलं संध्याकाळी मान टाकतंय.

पाईपवाला_पुणे
उंचावर टाकी, सिंगल फेजची छोटी मोटर आणि इन्व्हर्टर. सुटतो प्रश्न. खर्च होतो, मान्य. आणि दादा, कॅल्शियम नायट्रेटची टाकी वेगळीच ठेवा, सल्फेट-फॉस्फेटबरोबर एकत्र केलं की खाली गाळ बसतो आणि ड्रिपर चोक. मी एक बॅच अशीच घालवलीय.

बांधावरचा_आबा
हे आधी सांगायचं सोडून डोळं झाकून म्हणत व्हता.

शिरोळचा_पोरगा
पार्टीला फोन केला, म्हटलं पाण्याचा रिपोर्ट बघितल्याशिवाय ॲडव्हान्स नाही. आधी म्हणाले आमच्या सिस्टीमला कुठलंपण पाणी चालतं. १.९ सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले शनिवारचं काय नाही, महिनाअखेरपर्यंत रेट धरून ठेवतो.
आता असं ठरलंय: सध्या ऊन कडक आहे तर बेड भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकनं महिना-दीड महिना झाकायचे, म्हणजे उष्णतेनं सूत्रकृमी कमी होतील, मग निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी). मृगाच्या आत गटर आणि शेततळं. दोन बेडच्या जागेवर फक्त बॅगा, बाकी माती. वडील म्हणाले, दोन बेड तुझे, बाकीचे माझे, बघू कुणाचं वजन जास्त भरतंय.

कागलकर_ऊसवाला
शेततळ्यात मासे सोडा.

गच्चीवरच्या_काकू
माझ्या मिरचीचं राहिलंच की.

बांधावरचा_आबा
काकू, पानं वर वळल्यात का खाली? वर असली तर थ्रिप्स (फुलकिडं), खाली असली तर कोळी कीड. आदी नीट बघून सांगा.