मियावाकी लावाल, पण बसाल कुठे?

बागेत विसाव्याची जागा कशी करावी या चर्चेत कोणीतरी सुचवलंय की मागच्या कोपऱ्यात मियावाकी (लहान जागेत दाटीने झाडं लावून केलेलं जंगल) करा आणि आत बाकडी टाका. जंगल म्हणून उत्तम, पण विसाव्याला नाही. त्या पद्धतीत एका चौरस मीटरला 3-4 रोपं लावतात, दोन-तीन वर्षांत अशी गचपण होते की माणूस आडवासुद्धा शिरत नाही. हवंच असेल तर कुंपणालगत पट्टा करा, रस्त्याचा आवाज तरी थोडा कमी होईल.

बसायच्या जागेसाठी झाड निवडताना एकच बघा: एप्रिल-मेमध्ये त्याला पानं असतात का? पांगारा, सावर फुलतात झकास, पण उन्हाळा सुरू होताना नुसते खराटे. आमच्या बागेत करंज आहेत. मार्चच्या सुमारास पानं झडतात, पण लगेच पोपटी पालवी येते. मग खाली लाह्या सांडाव्यात तसा फुलांचा सडा. सकाळी म्हातारी मंडळी तिथेच असतात, महागड्या गझिबोत (छत असलेल्या मंडपात) कुत्री झोपतात!

सातवीण मात्र बाकड्याजवळ नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी तिच्या फुलांचा तो वास काहींना अजिबात सोसत नाही, माझी बायको तिकडून फिरकतच नाही. आणि बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवू देऊ नका. आमच्याकडे बसवले, मुळांनी दोन पावसाळ्यांत उखडून काढले.