छतावरच्या सोलरचे पैसे नेमके कसे मिळतात? सही करण्याआधी सल्ला हवाय

गच्चीवरचा
मंडळी, घरच्या छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसवायचा विचार चाललाय. दोन इन्स्टॉलर येऊन बघून गेले, दोघांनीही तोंड भरून सांगितलं की वीज तयार करा, जास्तीची ग्रिडला (म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला) द्या, पैसे येत राहतील. पण पैसे कोण देणार, कुठल्या दराने, किती वर्षं, असं विचारलं की दोघंही परत ब्रोशरच्या पहिल्या पानावर. एक जण नेट मीटरिंग म्हणतो, दुसरा फीड-इन टॅरिफ, आणि बोलतात असं की जणू एकाच गोष्टीची दोन नावं. आमच्याकडे दिवसभर घरात कोणी नसतं, रोजचे साधारण 12 युनिट लागतात आणि त्यातले बहुतेक संध्याकाळी. ज्यांनी बसवलंय त्यांनी प्लीज सांगा, खरंच पैसे मिळतात का, आणि काय बघून सही करू?

उन्हाळी
मिळतात. पण कुठल्या पद्धतीने मोजतात त्यावर सगळं आहे, पॅनल कुठल्या कंपनीचं यावर फार काही नाही. सगळे पॅनलवर चर्चा करतात आणि मीटरकडे बघतच नाहीत.

मीटरवाचक
वर उन्हाळी म्हणतायत त्याला अनुमोदन. जरा सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळा घोळ होतो.

तुमचंच उदाहरण घेऊ. दिवसाला 10 युनिट तयार होतात असं धरू. घरात कोणी नाही म्हणजे फ्रिज, राउटर वगैरे मिळून 2 युनिट जागेवरच वापरले जाणार, 8 बाहेर जाणार, आणि संध्याकाळी-रात्री 10 युनिट ग्रिडमधून आत येणार.

नेट मीटरिंग असेल तर आत आलेल्या 10 मधून बाहेर गेलेले 8 सरळ वजा होतात, बिल 2 युनिटचं. म्हणजे ग्रिड ही तुमची फुकटची बॅटरीच झाली. नेट बिलिंग असेल तर युनिटातून युनिट वजा होत नाही, 10 युनिट पूर्ण दराने विकत घ्यायचे आणि 8 युनिटचे पैसे वेगळ्या, बहुतेक वेळा बऱ्याच कमी दराने मिळणार. समजा विक्रीचा दर खरेदीच्या एक तृतीयांश आहे, तर 8 युनिटची किंमत झाली पावणेतीन युनिटांहून जरा कमी, म्हणजे बिल सव्वासात युनिटच्या आसपास. ग्रॉस मीटरिंग असेल तर तुमची वीज घरात येतच नाही, सगळे 10 बाहेर विकले आणि सगळे 12 विकत घेतले. त्याच दराने हिशोब केला तर बिल साडेआठ युनिटच्या वर जातं. पॅनल तेच, ऊन तेच, छप्पर तेच, आणि बिल एकदा 2 आणि एकदा साडेआठ!

फीड-इन टॅरिफ म्हणजे ठरावीक वर्षं ठरावीक दर देण्याची हमी. हा दर विकत घ्यायच्या दरापेक्षा जास्त असेल तर ग्रॉस मीटरिंगच सगळ्यात भारी पडतं, सुरुवातीला काही देशांत तसं होतंही. म्हणून नावावर जाऊ नका, दोन दर विचारा. आत येणाऱ्या युनिटचा आणि बाहेर जाणाऱ्या युनिटचा.

खिडकीतून
वाचनखूण साठवली. ते "ठरावीक वर्षं हमी"वाल्या भागाबद्दल कोणी लिहाल का, आमच्या ओळखीत एकाला अजून जुन्या दराने पैसे येतात आणि शेजाऱ्याला त्याच्या पावपटसुद्धा नाहीत.

तारेवरची_कसरत
लिहितो, हा माझा आवडता विषय आहे, घरचे कंटाळलेत ऐकून.

जर्मनीने 2000 साली कायदा केला की ग्रिडला वीज देणाऱ्याला 20 वर्षं ठरलेला दर. लोकांनी धडाधड छपरं भरली, पॅनलची मागणी वाढली, आणि पॅनल स्वस्त व्हायला त्याचा मोठा हात होता. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये फीड-इन टॅरिफ आणलं. त्यात एक गंमत होती, तुम्ही वीज वापरा किंवा विका, तयार केल्याचे पैसे प्रत्येक युनिटला मिळायचे, आणि बाहेर दिल्याचे वर वेगळे. छोट्या घरांना बाहेर जाणारी वीज मोजायचं मीटर नसेल तर निम्मी वीज बाहेर गेली असं गृहीत धरून पैसे द्यायचे, म्हणजे घरात सगळी वापरली तरी निम्मीचे पैसे. ही योजना नवीन लोकांसाठी मार्च 2019 अखेर बंद झाली, आणि जानेवारी 2020 पासून जी नवीन पद्धत आली तिच्यात फक्त खरंच बाहेर गेलेल्या, मीटरवर मोजलेल्या युनिटचे पैसे आणि दर प्रत्येक वीज कंपनी आपापला ठरवणार. कॅलिफोर्नियात पण एप्रिल 2023 पासून नवीन अर्जांना नेट मीटरिंगऐवजी नेट बिलिंग. जुन्यांना जुना करार चालू, नव्यांना नवा. तुमच्या ओळखीतल्यांचं पण असंच काहीतरी असणार.

दर का पडतात, तर दुपारी सगळ्यांचीच छपरं वीज ओततात. बारा-एकला वीज उतू जाते आणि सूर्य कलला की सगळ्यांना एकदम हवी असते. मागणीचा तो आलेख बदकासारखा दिसतो म्हणून त्याला डक कर्व्ह म्हणतात. जर्मनीत तर घाऊक बाजारात काही दुपारी विजेचा भाव शून्याच्याही खाली जातो आणि फेब्रुवारी 2025 च्या अखेरपासून बसवलेल्या नवीन सिस्टीमना त्या वेळचे पैसे न देण्याचा नियम आलाय.

आणि हमी म्हणजे दगडावरची रेघ असं पण समजू नका. स्पेनने 2013 मध्ये जुन्या प्रकल्पांना कबूल केलेले दरच मागे घेतले, गुंतवणूकदार वर्षानुवर्षं लवादात भांडत बसले. म्हणून माझा साधा नियम, विक्रीचा दर उद्या निम्मा झाला तरी गणित जमतंय का ते बघायचं. जमत नसेल तर सिस्टीम लहान करा.

उन्हाळी
हो, आणि "पॅनल फुकट बसवून देतो" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा की पैसे कोणाच्या खात्यात जाणार. ब्रिटनमध्ये त्या योजनेच्या काळात असे करार खूप झाले, छप्पर 25 वर्षांच्या भाड्याने, पॅनल कंपनीचे, टॅरिफचे पैसे कंपनीला, घरमालकाला फक्त दुपारची फुकट वीज. नंतर घर विकायला काढलं की घेणाऱ्याची बँक कागद बघून कपाळाला आठ्या घालायची.

भिजलेली_वात
माझा अनुभव सांगते, हसू नका. आमच्याकडे पॅनल बसले शुक्रवारी, मीटर बदलायला माणूस येणार होता पंधरा दिवसांनी. इन्स्टॉलर म्हणाला ताई आत्ताच चालू करून देतो, कशाला ऊन वाया घालवायचं. आम्ही खूश. महिन्याचं बिल आलं तर आधीपेक्षा जास्त! आधी वाटलं प्रिंटिंगची चूक असेल, मग भर दुपारी मीटरसमोर जाऊन उभी राहिले, घरातलं सगळं बंद केलं, पंखासुद्धा, आणि तरी आकडा पुढेच पळतोय. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. जुन्या चकतीच्या मीटरची चकती वीज बाहेर जाताना उलटी फिरायची, पण काही साध्या डिजिटल मीटरांना दिशा कळतच नाही, आत आली काय आणि बाहेर गेली काय, ते आपलं पुढेच मोजतात. म्हणजे आम्ही स्वतःची वीज ग्रिडला देऊन वर त्याचेच पैसे भरत होतो. भांडून काही परत मिळालं नाही, कारण मंजुरीआधी चालू केलं ही आमचीच चूक धरली.

मीटरवाचक
हे फार लोकांचं होतं हो. दोन दिशांचं मीटर लागल्यावर तारीख आणि रीडिंग लिहिलेला कागद घ्यायचा, त्यानंतरच मेन स्विच. आणि मीटर आपलं आपण वाचायला शिका, अवघड नाही. बऱ्याच मीटरांच्या डिस्प्लेवर आकड्यांआधी छोटा कोड येतो, 1.8.0 म्हणजे आजवर आत आलेली वीज, 2.8.0 म्हणजे बाहेर गेलेली. अंधार पडल्यावर एक फोटो काढा, उजाडायच्या आत दुसरा. रात्रीत 2.8.0 हललं असेल (आणि बॅटरी नसेल) तर काहीतरी उलटं जोडलंय.

तीन फेज असतील तर आणखी एक विचारा, मीटर तिन्ही फेजची बेरीज करून मोजतं की प्रत्येक फेज वेगळी. इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) एका फेजवर आणि मोठा लोड दुसऱ्यावर असला आणि मीटर वेगळं मोजणारं असलं तर एकाच क्षणी विकताय पण आणि विकत घेताय पण.

खिडकीतून
मग बॅटरी घेतली की प्रश्नच मिटला ना? दुपारची वीज रात्री.

तारेवरची_कसरत
नेट मीटरिंग असेल तर बॅटरीत पैसे घालायचं काही कारण नाही, ग्रिड तेच काम फुकट करतंय. नेट बिलिंगमध्ये खरेदी-विक्रीच्या दरात मोठी दरी असेल तर विचार करा, पण बॅटरीत भरताना-काढताना साधारण दहावा भाग वीज वाया जाते आणि बॅटरी पॅनलइतकी टिकत नाही. त्याआधी फुकटातला उपाय करा, वापर दुपारी ढकला. मीटरवाचकांच्याच हिशोबात 3 युनिट संध्याकाळवरून दुपारवर आणले (स्टोरेजवाला गीझर टायमरवर, वॉशिंग मशीन टायमरवर, झालं) तर बाहेर 5 जातात, आत 7 येतात, बिल सव्वापाच युनिटवर. रोजचे 2 युनिट वाचले, खर्च एका टायमरचा. गीझर आणि मशीन एकाच वेळी लावू नका फक्त, 3 किलोवॉटचं पॅनल म्हणजे दुपारी कायम 3 किलोवॉट असं नसतं. गरम पॅनल कमी वीज देतं, 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला एक टक्क्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी घट, आणि भर उन्हात पॅनल 60 अंशांच्या पुढे सहज जातं.

अवांतर: लाईट गेली की सोलर असूनही घरात अंधार होतो, हे कोणी सांगत नाही. साधा ग्रिडवाला इन्व्हर्टर ग्रिड गेली की मुद्दाम बंद पडतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातून शॉक बसेल. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड नसतानाही बॅटरीवर घर चालवणारा) आणि बॅटरी, तो खर्च वेगळा धरा, कमाईत मिसळू नका.

ओढ्याकाठी
सगळे सोलरच बोलतायत, पवनचक्की किंवा पाण्याचं कोणी केलंय का? विकायचे नियम बऱ्याच ठिकाणी त्यांनाही लागू असतात ना?

उन्हाळी
छतावरच्या छोट्या पवनचक्कीच्या नादी लागू नका. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते, आणि घरांच्या मधला वारा नुसता भोवरे खात असतो. उंच मोकळी जागा आणि उंच खांब असेल तरच. पाणी मात्र भारी! सेकंदाला 10 लिटर पाणी 20 मीटर उंचीवरून खाली येत असेल तर पाइपातली, टर्बाइनमधली घट निम्मी धरली तरी साधारण 1 किलोवॉट मिळतं. आकडा छोटा वाटतो, पण ते रात्रीही चालतं, म्हणजे दिवसाला 24 युनिट, तुमच्या 3 किलोवॉट सोलरच्या दुप्पट. पण पाणी बारमाही हवं आणि पाणी वळवायची परवानगी हवी. हे दोन्ही जमलेला माणूस मी अजून पाहिला नाही, तुम्ही असाल तर वेगळा धागा काढाच.

भिजलेली_वात
@गच्चीवरचा, आणखी एक. भर दुपारी इन्व्हर्टर मधेच बंद पडून परत चालू होत असेल तर पॅनल खराब म्हणून घाबरू नका. गल्लीत सगळ्यांचं सोलर असलं की दुपारी तारेतला व्होल्टेज चढतो आणि मर्यादेबाहेर गेला की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. आमचं एक पूर्ण उन्हाळा असं चाललं होतं, सगळ्यात कमाईच्या तासाला बंद! ॲपवर वेळेनुसार व्होल्टेज दिसतो, त्याचे स्क्रीनशॉट काढून वीज कंपनीला दाखवले, त्यांनी ट्रान्सफॉर्मरचं टॅप खाली केलं, म्हणजे तारेतला व्होल्टेजच थोडा उतरवला, थांबलं.

गच्चीवरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न घेऊन परत दोघांना फोन केला. एकाने "सर एवढं कोणी विचारत नाही" म्हणून ठेवला, तो बाद. दुसऱ्याने कराराचा मसुदा पाठवला, रात्री बसून वाचला. माझं प्रकरण नेट बिलिंगचं निघालं, हिशोब अर्ध्या-अर्ध्या तासाचा, विक्रीचा दर खरेदीच्या निम्म्याहून कमी आणि तोही फक्त एका वर्षापुरता पक्का. शिवाय सातव्या पानावर बारीक अक्षरात, वर्षाअखेर खात्यात शिल्लक राहिली तर ती शून्य होणार. हे ब्रोशरमध्ये कुठेच नव्हतं.

तर आता ठरलंय असं की 3 चं 2 किलोवॉट करतोय, बॅटरी नाही, गीझरला टायमर. 2 चं गणित विक्रीचा दर निम्मा धरूनसुद्धा बसतंय. आणि मीटर बदलल्याचा कागद हातात येईपर्यंत सिस्टीम चालू करणार नाही असं इन्स्टॉलरकडूनच लिहून घेतलंय, भिजलेली_वात ताई, ते तुमच्यामुळे.

भिजलेली_वात
चला, आमचं बिल कोणाच्या तरी कामी आलं.

मीटरवाचक
नवीन मीटर लागलं की पहिल्याच दिवशी 1.8.0 आणि 2.8.0 चा फोटो काढून ठेवा, आणि महिन्याने बिल आलं की इथे टाका, मिळून ताडून बघू.