स्क्वॅश डबल्स: एका दिवसात १२ जोड्या कशा बसवायच्या?

टिनच्यावर: क्लबची डबल्स स्पर्धा एका रविवारी उरकायची आहे. जोड्या १२, कोर्ट २, दोन्ही सिंगल्सची. गेम ११चा ठेवावा की १५चा? सर्व्हिसच्या क्रमावरून हमखास भांडणं होतात, तो नियमही सांगा.

बॅकवॉल: आधी कोर्ट. सिंगल्सचं ६.४ मीटर रुंद, डबल्सचं ७.६२, लांबी दोन्हींची ९.७५च. ६.४ मीटरमध्ये चार मोठी माणसं म्हणजे फॉलो-थ्रू (फटक्यानंतर पुढे फिरणारी रॅकेट) कुणाच्या तरी तोंडावर. तरी खेळवणार असाल तर गॉगल नाही त्याला आत सोडू नका. नंबरचा साधा चष्मा किंवा काच नसलेली नुसती फ्रेम चालवून घेऊ नका, पॉलिकार्बोनेटचीच काच हवी. चेंडू ४० मिलिमीटरचा, डोळ्याच्या खोबणीत बरोब्बर बसतो.

गेम ११चा, तीनपैकी दोन. १०-१० झाले की पुढचा गुण निर्णायक. २०२३च्या हांगचौ एशियाडमध्ये दीपिका पल्लिकल आणि हरिंदरपाल संधू यांनी मिश्र दुहेरीची फायनल ११-१०, ११-१० अशीच मारली. १५चा गेम उत्तर अमेरिकेतल्या हार्डबॉल डबल्समधला. तिथे चेंडू कडक आणि कोर्ट १३.७२ मीटर लांब.

डावखुरा: सर्व्हिस: जोडीतला पहिला रॅली हरला की जोडीदार सर्व्हिस करतो, तोही हरला की हात, म्हणजे सर्व्हिसची पाळी, समोरच्यांकडे. अपवाद गेमच्या सुरुवातीचा. पहिल्यांदा सर्व्हिस करणाऱ्या जोडीला तेव्हा एकच हात मिळतो. भांडणं इथेच होतात, म्हणून मार्करने (गुण पुकारणाऱ्याने) कोणता हात चालू आहे ते दर वेळी मोठ्याने सांगावं. सर्व्हिस घेणारे आपापली बाजू गेमभर सोडत नाहीत. रॅलीत मात्र दोघांपैकी कुणीही मारावं, टेबल टेनिससारखी पाळी नसते. जोडीदाराला आपलाच चेंडू लागला तर गुण गेला.

बॅकवॉल: ड्रॉ राहिलाच. तीन-तीन जोड्यांचे चार गट करा: गटाचे १२ सामने, २ सेमी, १ फायनल, एकूण १५. अ आणि ब गट एका कोर्टावर, क आणि ड दुसऱ्यावर, एकाआड एक: अ, ब, अ, ब... म्हणजे कुणालाही लागोपाठ खेळावं लागत नाही आणि ब चालू असताना अ गटातला एक जण मार्कर. ४५ मिनिटांचा स्लॉट धरला तर गट साडेचार तासांत, सेमी-फायनल धरून सहा तास. तिघांचाही एकेक विजय झाला तर गेमचा फरक, मग गुणांचा; हे आदल्या दिवशीच फलकावर लावा, नाहीतर संध्याकाळी आकडेमोडीवरून जुंपेल.

टिनच्यावर: गटांचं जमलं. एक जोडी डावरा-उजवा आहे. कोण कुठे?

डावखुरा: डावरा डावीकडे. दोन्ही भिंतींवर फोरहँड मिळतो, पण मधला चेंडू दोघांनाही बॅकहँडवर येतो. 'माझा' की 'तुझा' ही हाक कुणी द्यायची ते आधीच ठरवा.