दोन प्लेअरचं आर्केड कॅबिनेट: १,३५,००० वाजवी आहेत का?

धुळे_१८
हॉलमध्ये उभं कॅबिनेट ठेवायचं आहे. खेळायचं मुख्य म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (आपला मुस्तफा), किंग ऑफ फायटर्स ९७ आणि पॅकमॅन. एका बनवणाऱ्याचं कोटेशन आलंय: बॉडी (१८ मिमी एमडीएफ, वर सनमायका) ५२,०००, कंट्रोल (जॉयस्टिक, बटणं) १८,०००, कॉम्प्युटर २४,०००, १९ इंची मॉनिटर १४,०००, वरची पाटी आणि स्टिकर ९,०००, '१०,००० गेम्स' १२,०००, धुळ्यापर्यंत गाडीभाडं ६,०००. सुतार ओळखीचा आहे, वायरिंग शिकायची तयारी आहे. यात कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाही?

फळी_पटाशी
भाऊ, आधी गेम्सची ओळ खोडा. मेम हा एम्युलेटर (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) १९९७ पासून फुकट मिळतो. गेमच्या फायली कॅपकॉम, एसएनकेच्या मालकीच्या. त्या भरून विकायचा हक्क या माणसाला नाही. वर त्या १०,००० मध्ये एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी, हॅक केलेल्या चार-चार प्रती असतात.

आता बॉडी. १८ मिमी एमडीएफचं ८×४ शीट एकटंच ३८-४० किलो भरतं आणि अशी दोन तरी लागतात. घरात रोज फरशी पुसली जाते, ते पाणी खालची कड पिते आणि सहा महिन्यांत कड फुगते. ओळखीचा सुतार असेल तर बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या, खाली दोन इंच रबरी पाय, मागे दोन चाकं. सनमायका बाहेरून लावला की आतून लायनर (आतल्या बाजूचा पातळ थर) लावायचाच. एकाच बाजूला लावला तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळा आला की बाजूची फळी धनुष्यासारखी वाकते.

बाजूच्या दोन्ही फळ्या तंतोतंत सारख्या आल्या नाहीत तर मॉनिटर तिरका बसतो. एक फळी जिगसॉने कापून घासून घ्या, दुसरी तिच्याखाली क्लॅम्प करा आणि राउटरला (लाकूड कोरायच्या मशीनला) बेअरिंगचा बिट लावून फिरवा. जवळपास सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारा) राउटर असेल तर ड्रॉइंग देऊन मोकळे व्हा. कडेची टी-मोल्डिंग (खाचेत दाबून बसवायची प्लास्टिकची पट्टी) मात्र एमडीएफमध्येच छान बसते. प्लायच्या थरांत पोकळी लागली की खाचेत ती ढिली होते, म्हणून प्लायला पीव्हीसी एजबँड (कडेवर चिकटवायची पट्टी).

आणि दाराचं माप घ्या हो! अडीच फुटी दाराच्या चौकटीतून जेमतेम २८ इंच मोकळे मिळतात. कंट्रोल पॅनल सुटं होणारं करा.

मायक्रोस्विच
१८,००० मध्ये कोणते भाग आहेत ते लेखी घ्या. दोन अस्सल सान्वा जेएलएफ (सान्वा ही जपानी कंपनी, जेएलएफ हे तिचं मॉडेल) जॉयस्टिक आणि सगळी बटणं सान्वाची असतील तर भाव समजण्यासारखा आहे. नकली किट असेल तर ती लूट.

मुस्तफाला दोन बटणं लागतात, किंग ऑफ फायटर्सला चार, पॅकमॅनला एकही नाही. म्हणजे प्रत्येकी चार, शिवाय स्टार्ट आणि कॉइनची चार, अशी बारा पुरतात. सहा-सहाचा आग्रह स्ट्रीट फायटर खेळणार असाल तरच.

सुतार हमखास चुकतो ती जागा पॅनलची. सान्वाचं दाबून बसणारं ३० मिमीचं बटण पातळ पॅनलसाठी आहे, १८ मिमी प्लायमध्ये त्याची क्लिप पकडत नाही. जॉयस्टिकही त्या जाडीखाली लावली तर दांडा वर आखूड राहतो. दोन रस्ते आहेत: जॉयस्टिकच्या जागी खालून राउटरने १२ मिमी खोल खड्डा आणि लांब आट्यांची अमेरिकन पद्धतीची बटणं (भोक २८-२९ मिमी), नाहीतर वर २ मिमीचा पत्रा आणि त्याखाली प्लाय मोकळा कापलेला.

वायरिंग सोपं आहे. फक्त कनेक्टर २.८ मिमीचे की ४.८ चे ते बटण बघून मागवा. ग्राउंडची वायर एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी जाते. 'चार बटणं एकदम मेली' अशी तक्रार आली की बटणं बदलू नका, माळेतला एक कनेक्टर निसटलेला असतो. दोन प्लेअरसाठी एकसारखे दोन स्वस्त एन्कोडर (बटणं कॉम्प्युटरला जोडणारे बोर्ड) लावले तर रिस्टार्टनंतर कधी कधी एक आणि दोन नंबर प्लेअर आपसात बदलतात. दोघांसाठी एकच बोर्ड घ्या.

मॉनिटरचे १४,००० फार आहेत. १९ इंची चौकोनी म्हणजे बहुधा ऑफिसमधून निघालेला १२८०×१०२४ चा. त्यात टीएन प्रकारचा पडदा नको, कॅबिनेटमध्ये तो मागे कललेला असतो आणि उभ्या माणसाला रंग उडालेले दिसतात. आयपीएस प्रकारचा (तिरकं पाहिलं तरी रंग टिकणारा) शोधा.

जंक्शनवाला
वरचं सगळं मान्य, पण भो, बॉडीच्या ५२,००० ला सरसकट महाग म्हणू नका. कापणी, राउटर, सनमायका, एजबँड, वायरिंग, चाचणी धरली तर दोन माणसांचे बरेच दिवस जातात. माझा आक्षेप दुसरा आहे: बिघाड झाला तर तो माणूस धुळ्याला येणार का? येणार नसेल तर सर्व्हिसचे पैसे कशाला?

उन्हाचं कुणी बोललं नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बरेच मॉनिटर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. रास्पबेरी पाय ४ (असल्या कॅबिनेटमध्ये बसवतात तो छोटा कॉम्प्युटर) चा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की वेग कमी करतो, मग आवाज तुटायला लागतो. खाली जाळी लावलेली हवेची फट, वर मागच्या बाजूला १२० मिमीचा पंखा हवा बाहेर फेकणारा. जाळी बारीकच हवी, पाली आणि उंदीर उबेला येतात.

दुसरं, लाईट. लिहिणं चालू असताना वीज गेली की मेमरी कार्ड खराब होतं. एसएसडी लावा आणि इन्व्हर्टरवर जोडा. जुना ऑफिसचा मिनी पीसी या तिन्ही गेम्सना भरपूर आहे, २४,००० ची गरज नाही.

धुळे_१८
म्हणजे बॉडी सुताराकडून, कंट्रोल अस्सल, बाकी जुनं. पॅकमॅनला जॉयस्टिक चारच दिशांची लागते असं वाचलं, मग वेगळी घ्यावी लागेल का?

मायक्रोस्विच
नाही दादा. जेएलएफच्या तळाला चौकोनी गेट (दांडा किती आणि कुठे हलेल ते ठरवणारी चौकट) असतो, तो काढून फिरवून बसवला की चार दिशा होतात. पण किंग ऑफ फायटर्सच्या आधी परत फिरवावा लागेल, म्हणून पॅनलला बिजागरी लावा. पॅकमॅनचं मूळ चित्र २२४×२८८, म्हणजे उभं. आडव्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळी पट्टी दिसेल, तो बिघाड नाही.

फळी_पटाशी
पॅनलचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ३६-३८ इंचांवर ठेवा. भोकं पाडायच्या आधी ६ मिमी प्लायवर तीच मांडणी कापून तात्पुरती बटणं बसवा आणि दोघं शेजारी उभे राहून खेळून बघा. कोपराला कोपर लागत असेल तर रुंदी तेव्हाच वाढवता येते, सनमायका चिकटवल्यावर नाही.